शून्य ते एकशेवीस

ऑफिसात त्याला सगळे चाळणी म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यालाही ते आवडायचं. वेबसाइटवरच्या फॉर्ममध्ये कुठल्या चौकटीत काय चालेल आणि काय चालणार नाही, याचे नियम लिहिणं हे त्याचं काम. वय विचारलं की लोक 'चालू तिसावं' लिहितात, वजनापुढे 'अंदाजे' घालतात, आणि फोन नंबरच्या चौकटीत 'दुपारी झोपतो' असं कळवणारे महाभागही असतात. ही सगळी भर दारातच अडवायची म्हणून चाळणी रेजेक्स लिहायचा. रेजेक्स म्हणजे कंस, चौकोन, टोपी आणि प्रश्नचिन्हं यांची एक ओळ. माणसानं टाइप केलेलं त्या ओळीतून गेलं तर चौकट हिरवी, नाही तर लाल. बाकीच्यांना ती ओळ म्हणजे कोंबडीचे पाय वाटत. चाळणी मात्र ती कौतुकानं परत परत वाचायचा.

माणूस वाईट नव्हता. पण आकड्यावाचून बोलणारे लोक त्याला सहन होत नसत आणि जगात तर सगळे तसेच भरलेत. बायकोला विचारलं, "निघायला किती वेळ लागेल?" की ती म्हणायची, "झालंच." "झालंच म्हणजे किती? आकडा सांग." एकदा ती आरशातूनच म्हणाली, "तीन आकडी कुठलाही धर." चाळणी रागावून जिना उतरला आणि खाली अर्धा तास उभा राहिला.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या कंपनीला एका सरकारी खात्याचं काम मिळालं होतं. जन्मापासून बहिऱ्या मुलांच्या कानात ऑपरेशन करून यंत्र बसवायची योजना. मूल पाच वर्षांच्या आतलं हवं. ऐकण्यावाचून मोठं झालेलं डोकं पुढे आवाजाचा अर्थ लावायला शिकत नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. तपासणी केंद्रातला कारकून मुलाची माहिती फॉर्ममध्ये भरायचा आणि संगणक यादी लावायचा. फॉर्ममध्ये दोन चौकटी महत्त्वाच्या होत्या, उजवा कान आणि डावा कान. मुलाला किती मोठ्या आवाजापासून ऐकू येतं, तो डेसिबलचा आकडा तिथे भरायचा. आकडा जितका लहान तितका कान चांगला. शून्य म्हणजे कान अगदी लख्ख. नव्वदच्या वर म्हणजे ऑपरेशनला पात्र. तपासायचं यंत्र एकशेवीसपर्यंत आवाज काढतं, त्यापुढे त्याचीही ताकद संपते.

या दोन चौकटींसाठी चाळणीनं लिहिलेली ओळ अशी होती: ^(1[01][0-9]|120|[1-9]?[0-9])$. शून्य ते एकशेवीस, एक इकडे नाही की तिकडे नाही. एकशे एकवीस टाका, लाल. उणे एक टाका, लाल. अक्षर टाका, लाल. रिकामी सोडली तर फॉर्म पुढेच जायचा नाही. मॅडमनी, म्हणजे त्याच्या वरिष्ठांनी, सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती. त्या दिवशी चाळणी घरी गेला तो जमिनीच्या चार बोटं वरून चालत.

त्याच्या गल्लीच्या तोंडाशी एक शिवणकाम करणारी बाई होती. दुकान कसलं, एका खोलीचा पुढचा अर्धा भाग. मशीन, इस्त्रीचं टेबल, दोरीवर लटकवलेले दुसऱ्यांचे कपडे. नवरा लांब कुठे तरी बांधकामावर. तिला पाचाला टेकलेली मुलगी होती, ठकी म्हणून हाक मारायची, म्हणजे मारली असती. ठकी मशीनच्या खाली बसून बटणं लावायची, मोठी एकीकडे, लहान एकीकडे. चाळणी वर्षातून दोनदा तिथे जायचा, कारण त्याचं पोट वाढत होतं आणि ते कबूल करायची त्याची तयारी नव्हती. शिवणवाली त्याच्या पँटची कंबर न बोलता सैल करून द्यायची.

त्या दिवशी त्यानं पँट टेबलावर ठेवली तर तिनं तिला हातही लावला नाही. ड्रॉवरमधून एक कागद काढला.

"दादा, तुम्ही कॉम्प्युटरातले ना? जरा हे बघता का? मी चार जणांना दाखवलं. कुणी धड सांगत नाही."

कागद त्या योजनेचाच होता. खात्याचं चिन्ह त्यानं वरच ओळखलं. खाली एकच वाक्य होतं, अर्जदाराची श्रवणक्षमता निकषात बसत नसल्याने अर्ज अमान्य. शेवटी बारीक अक्षरात नोंद: उजवा कान 0, डावा कान 0.

"म्हणजे काय?" तिनं विचारलं.

"म्हणजे," तो म्हणाला, "मुलीला चांगलं ऐकू येतं, असं लिहिलंय."

शिवणवालीनं लेकीकडे बघितलं. तिनं टेबलावरची मोठी लोखंडी कात्री उचलली आणि हात लांब करून फरशीवर सोडली. चाळणी केवढ्यानं तरी दचकला. समोरच्या दुकानातला माणूस डोकावून गेला. ठकी तिकडे पाठ करून बसली होती. तिनं हातातलं निळं बटण जरा निरखून मोठ्यांच्या रांगेत ठेवलं.

"तपासणीचा मूळ कागद आहे का, ताई?"

होता. तिनं तो प्लास्टिकच्या पिशवीत घडी न घालता जपला होता. दोन्ही कानांसमोर तपासणाऱ्या बाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: प्रतिसाद नाही. शेजारी खाली जाणारा बाण. यंत्राचा सगळ्यात मोठा आवाज लावून पाहिला आणि मूल हललं नाही, असा त्याचा अर्थ.

चाळणीच्या सगळं ध्यानात यायला फार वेळ लागला नाही. केंद्रातल्या कारकुनानं 'प्रतिसाद नाही' टाइप केलं असणार. लाल. रिकामी सोडून पाहिली असणार. लाल. फक्त आकडा चालेल म्हणतोय ना, मग घे आकडा. पोरीला काहीच ऐकू येत नाही, काहीच नाही म्हणजे शून्य. हिरवी. ज्या पोरीला सगळ्यात कमी ऐकू येतं तिला चाळणीच्या फॉर्मनं सगळ्यात चांगला कान देऊन टाकला होता, आणि तोही नियमात बसवून.

"आता काही होईल का?" ती म्हणाली. "महिनाअखेरीला यादी लागणार आहे. त्याच्या पुढची चार महिन्यांनी. ठकीला अठ्ठावन्न महिने झालेत. ही यादी गेली की ती साठच्या पुढे जाते. मी बोटं मोजून बसलेय, दादा."

"होईल," चाळणी म्हणाला. "मी बघतो. लहानशी गोष्ट आहे."

फॉर्म आपणच लिहिलाय, हे त्यानं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. पण 'मी बघतो' म्हणणारा माणूस होणं सोपं असतं आणि त्याला त्या घटकेला तेच व्हायचं होतं. शिवणवालीनं मग त्याची पँट उचलली आणि माप न घेताच किती सैल करायची ते खडूनं आखलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यानं पहिलं काम केलं ते सगळ्या नोंदी चाळायचं. दोन्ही कानांत शून्य असलेली किती मुलं? अडतीस. बहिऱ्या मुलांच्या ऑपरेशनसाठी, लख्ख कानाची अडतीस मुलं घेऊन अडतीस आया लांबून लांबून आल्या होत्या, हे दोन वर्षांत कुणालाही विचित्र वाटलं नव्हतं. सगळ्यात आधी ते त्याला वाटायला हवं होतं. पण तो कधी भरलेले आकडे बघायलाच गेला नव्हता. आकडा आकड्यासारखा आहे ना, झालं.

त्यातली कित्येक मुलं केव्हाच साठ महिन्यांच्या पुढे गेली होती. वयात बसतील अशी अकराच उरली होती. ठकी धरून अकरा.

मॅडम समजूतदार होत्या. त्यांनी ऐकून घेतलं, कपाळ चोळलं आणि विचारलं, "नीट करायचं तर काय करावं लागेल?"

"शेजारी एक चौकट द्यायची. प्रतिसाद नाही, म्हणून नुसती बरोबरची खूण करायची. आकडा नकोच."

"नवी चौकट म्हणजे फॉर्म बदलला. फॉर्म बदलला की खात्याची मंजुरी. तीन महिने कमीत कमी. तुला माहितेय."

"आणि नुसता नियम बदलला तर?"

"नियम आपला. तो बदल आजच्या आज."

तेव्हा चाळणीनं नियम बदलला. शून्य अडवायचं. अख्ख्या ओळीत त्याला एक खूण हलवावी लागली. आधी [1-9]?[0-9] होतं, तिथलं प्रश्नचिन्ह उचलून एक घर उजवीकडे ठेवलं, [1-9][0-9]? असं. आता एक ते एकशेवीस. त्यानं स्वतः टाकून बघितलं. शून्य टाकलं, लाल. एकशेवीस टाकलं, हिरवी. एक टाकला, हिरवी. कडेचे आकडे तपासून बघायचे असतात, ते त्यानं तपासले, आणि त्याला बरं वाटलं. त्या अकरा मुलांच्या नोंदी 'पुन्हा भरा' अशी खूण करून केंद्रांकडे परत पाठवल्या. चौकट लाल झाली की खाली उमटणारं वाक्य मात्र त्याच्या हातात नव्हतं. खात्यानं मंजूर केलेली बारा वाक्यं होती, त्यातलंच एक घ्यावं लागे. त्यानं सातव्या नंबरचं घेतलं: योग्य संख्या भरा.

मग त्यानं तपासणी करणाऱ्या बाईंना फोन लावला. ठकीच्या कागदावर सही होती त्याच.

"तुम्ही कागदावर सरळ एकशेवीस लिहाल का?" त्यानं विचारलं. "म्हणजे भरणाऱ्याचा गोंधळ होणार नाही."

"का लिहू?" बाई म्हणाल्या. "एकशेवीस म्हणजे एकशेवीसला ऐकू आलं. पोरीला एकशेवीसलाही आलेलं नाही. खोटं कशाला लिहू मी? तुमच्या फॉर्मला सोयीचं म्हणून?"

"मग फॉर्ममध्ये काय भरायचं?"

"फॉर्ममध्ये भरू देत एकशेवीस, माझी हरकत नाही. पण तसं लेखी कळवा केंद्राला. आमचा नोंदणीवाला तोंडी काही करत नाही. मागे एकदा केलं आणि त्याच्या अंगाशी आलं."

चाळणीनं मेल लिहिली. प्रतिसाद नसल्यास एकशेवीस भरावे. पण कंपनीनं केंद्रांना थेट कळवायचं नाही असा करार होता, म्हणून ती खात्याकडे गेली आणि खात्यातून पुढे जाणार होती. नोंदणीवाल्याचा फोन नंबर त्याच्याकडे होता. त्यानं तो काढलाही. अंगठा नंबरावर ठेवला, आणि मग त्याच्या मनात आलं की आता शून्य तर जातच नाही. माणूस अडला की कागद बघेल, वर विचारेल, काही तरी अक्कल चालवेल. नियम आहे ना. त्यानं फोन खिशात टाकला. तिथेच माशी शिंकली.

पुढचे तीन आठवडे तो शिवणवालीच्या दुकानावरून जाताना हात करायचा. ती मशीन न थांबवता मान हलवायची. पँट तिनं घरी पाठवली आणि कामाचं काही घेतलं नाही, तेव्हा बायको म्हणाली, "कशाबद्दल एवढी मेहेरबानी?" "एक काम करून दिलं तिचं," चाळणी म्हणाला. दिलं, असं म्हणाला. होईल, असं नाही.

यादी लागली त्या सकाळी चहा तसाच ठेवून त्यानं ती उघडली. नावं वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. ठकी नव्हती. मग त्यानं त्या अकरा नोंदी उघडल्या. एका नोंदीत दोन्ही कानांत एकशेवीस होतं. कुठल्या तरी केंद्रात कुणी तरी डोकं वापरलं होतं, आणि ते मूल यादीत होतं. दोन नोंदी कुणी उघडल्याच नव्हत्या. उरलेल्या आठांत उजवा कान 1, डावा कान 1. सगळ्या हिरव्या.

आता त्यानं नोंदणीवाल्याला फोन केला. आता करार आडवा आला नाही.

"एक का भरलात?"

"शून्य घेईना, साहेब," पलीकडचा माणूस म्हणाला. आवाजात उद्धटपणा नव्हता, कामाची घाई होती. "मग शून्याच्या सगळ्यात जवळचा टाकला. पोरांना ऐकू तर काहीच येत नाही ना. मोठा आकडा कसा टाकणार?"

"अहो, इथे उलटं असतं. मोठा आकडा म्हणजे बहिरेपण जास्त."

"मग तसं लिहायचं ना तिथे. 'योग्य संख्या भरा' म्हणतंय. योग्य कोणती, ते मला कुठून ठाऊक?" मग तो म्हणाला, "मेल आज सकाळी आली, साहेब. एकशेवीस भरा म्हणून. पण आता नोंदी बंद झाल्यात."

चाळणीला त्याच्यावर चिडायचं होतं. फार चिडायचं होतं, कारण तेवढाच एक आसरा होता. पण त्या माणसानं दोन्ही वेळा फॉर्मनं जे मागितलं तेच दिलं होतं.

त्यानं हरकत नोंदवली. मॅडमनी स्वतः पत्र लिहिलं, तपासणीचा कागद जोडला, दोन वेळा खात्यात जाऊन बसल्या. नवव्या दिवशी उत्तर आलं. सदर नोंद संबंधित केंद्राने दोन वेळा भरून प्रमाणित केली आहे. यादी अंतिम आहे. वयोमर्यादेत असणाऱ्यांचा पुढील यादीत विचार होईल. अकरापैकी सहा मुलांना पुढची यादी सापडणार होती. ठकीला सापडणार नव्हती. मॅडम म्हणाल्या, "वयाचा नियम डॉक्टरांचा आहे. तिथे कुणाचंच चालत नाही." मग म्हणाल्या, "तू घरी जा आज." चाळणी घरी गेला नाही. गल्लीच्या तोंडाशी थांबला.

दुपारची वेळ होती. शिवणवाली कुणाचा तरी सदरा उलटा करून शिवण उसवत होती. त्याच्याकडे बघून तिनं ब्लेड खाली ठेवलं. चेहऱ्यावरूनच तिला कळलं असावं, तरी तिनं त्याला बोलायला लावलं.

त्यानं सगळं सांगितलं. फॉर्म माझा आहे इथपासून सुरुवात केली. शून्य, मग एक, मेल, बारा वाक्यांतलं सातवं. फोन काढून परत खिशात टाकला, तेही सांगितलं. सांगताना त्याचा आवाज मोठा होत गेला, तसा बहिऱ्या माणसाच्या घरात आपोआप होतो.

"म्हणजे तुमच्या हातात होतं," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"आणि मी तुम्हालाच दाखवायला आले. चार जणांनंतर."

"हो, ताई."

"आता दुसरीकडे कुठे?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. "खाजगी आहे," तो म्हणाला. "तुमच्या-माझ्या आवाक्यातलं नाही."

ती खूप वेळ सदऱ्यातला एकच धागा ओढत राहिली. तिनं आरडाओरडा केला असता, त्याला दाराबाहेर काढलं असतं, तर चाळणीला ते पेललं असतं. पण ती त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती. कपाटाच्या दारावर पेन्सिलीनं काढलेल्या उभ्या रेघा होत्या, दिवसाला एक, आणि शेवटच्या रेघेनंतर मोकळी जागा होती.

आवाजानं नाही, पण माणूस आल्याच्या चाहुलीनं ठकी मशीनखालून बाहेर आली. कपड्यांच्या सुतानं तिचे केस पांढरे झाले होते. तिनं चाळणीकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि आपल्या उजव्या कानाला बोट लावून मग रिकामा तळहात पुढे केला. परत तसंच केलं. कान, तळहात.

"काय म्हणतेय?" चाळणीनं विचारलं.

"कधी, म्हणतेय." शिवणवालीचा आवाज पहिल्यांदा फाटला. "मीच शिकवून ठेवलंय. रेघा काढून संपल्या की कानाचं काम, असं. रोज विचारते. तुम्ही आलात की जास्त विचारते, कारण तुम्ही त्या कामाचे, हेही मीच दाखवलं होतं तिला."

"नाही म्हणून सांगा," तो कसाबसा म्हणाला.

"नाहीची खूण तिला येते. नाही म्हटलं की ती उद्या विचारते." तिनं डोळे पुसले, ते सदऱ्याच्या बाहीला, आणि बाही दुसऱ्याची आहे हे लक्षात येऊन झटकली. "कधीच नाही, याला आमच्याकडे खूण नाही, दादा. तुमच्याकडे आहे का काही? असेल तर दाखवा तिला."

ठकीचा तळहात अजून पुढेच होता. आता तो चाळणीसमोर होता. त्यानं दोन्ही हात वर उचलले, आणि ते तसेच खाली घेतले.

मग शिवणवालीनंच लेकीला जवळ ओढलं, तिचा तळहात मिटवला, दोन्ही हात गालाखाली जोडून झोपेची खूण केली आणि बोटानं खिडकीबाहेरच्या सूर्याला वर यायला लावलं. उद्या. ठकीनं मान डोलावली. तिनं आईच्या चोळीत अडकवलेला पेन्सिलीचा तुकडा मागून घेतला आणि कपाटाच्या दारावरच्या मोकळ्या जागेत, तिला येईल तशी वाकडी, आणखी एक रेघ काढली.